जंघा (शरीररचना)

जंघा म्हणजे मानवी पायाचा गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचा भाग होय. बोलीभाषेत या संपूर्ण भागाला एकच असे नाव नाही. त्याच्या पुढील हाडाळ बाजूस नडगी आणि मागील मांसल बाजूस पोटरी म्हणतात. जंघेत दोन हाडे आणि तेरा स्नायू असतात. हे स्नायू चार बंदिस्त कप्प्यांत विभागलेले असून प्रत्येक कप्प्याचे काम आणि त्याला आज्ञा पोहोचवणारी चेता ठरलेली असते. रक्तपुरवठ्याची वाटणीही बहुतांशी याच कप्प्यांनुसार होते. त्यामुळे पायाची कोणती हालचाल बंद पडली आहे, यावरून इजा कोठे झाली असावी याचा अंदाज करता येतो. याच बंदिस्त रचनेमुळे अस्थिभंगानंतर एखाद्या कप्प्यातील दाब वाढला, तर त्यातील स्नायू व चेता काही तासांतच कायमच्या निकामी होऊ शकतात.

नावे व परिभाषा

संस्कृतमध्ये मांडीला ‘ऊरु’ आणि गुडघ्याखालील भागाला ‘जंघा’ म्हणतात. मराठीतील ‘जांघ’ हा शब्द जंघेवरूनच आलेला असला, तरी त्याचा अर्थ मांडी व ओटीपोट यांच्यामधील सांधा असा झाला आहे. हिंदीत त्याच शब्दाचा अर्थ मांडी असा होतो. शरीररचनाशास्त्राच्या मराठी परिभाषेत मात्र जंघा हा शब्द मूळ संस्कृत अर्थानेच वापरतात.

‘स्नायू’ या शब्दाबाबतही असाच अर्थभेद आहे. आयुर्वेदीय ग्रंथांत स्नायू म्हणजे सांधे बांधून ठेवणारे तंतुमय बंध, तर मांसल भागास मांस किंवा पेशी असे शब्द येतात. आजच्या मराठीत स्नायू म्हणजे आकुंचन पावून हालचाल घडवणारा मांसल अवयव. स्नायूचे टोक हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोरास कंडरा म्हणतात. या लेखात रोहिणी म्हणजे हृदयाकडून रक्त नेणारी वाहिनी, नीला म्हणजे हृदयाकडे रक्त परत नेणारी वाहिनी आणि चेता म्हणजे संवेदना व आज्ञा वाहून नेणारा मज्जातंतूंचा जुडगा, असे अर्थ घेतले आहेत.

हाडे व कप्प्यांच्या भिंती

जंघेतील आतल्या बाजूचे जाड हाड म्हणजे टिबिया, अर्थात अंतर्जंघास्थी. मांडीच्या हाडाखालोखाल हे शरीरातील सर्वांत लांब हाड आहे. शरीराचा भार गुडघ्याकडून घोट्याकडे मुख्यत्वे हेच हाड पोहोचवते. बाहेरच्या बाजूचे सडपातळ हाड म्हणजे फिब्युला, अर्थात बहिर्जंघास्थी. ते गुडघ्याच्या सांध्यात भाग घेत नाही आणि भारही थोडाच वाहते. परंतु अनेक स्नायूंना ते आधार देते आणि त्याच्या खालच्या टोकाचा बाहेरचा घोटा बनतो. आतला घोटा हा टिबियाचा भाग आहे.

टिबियाच्या पुढील-आतील पृष्ठभागावर स्नायूंचे आच्छादन नसते. तेथे हाड थेट त्वचेखाली असते. नडगीवर बसलेला फटका फार कळ आणतो, तो यामुळेच. टिबिया मोडल्यास हाडाचे टोक त्वचा फाडून बाहेर येण्याचा संभवही यामुळे अधिक असतो. हाडाच्या खालच्या तृतीयांश भागाभोवती स्नायू कमी आणि रक्तपुरवठा तुटपुंजा असल्याने तेथील अस्थिभंग उशिरा जुळतो.

दोन्ही हाडांच्या मध्ये एक मजबूत तंतुपटल ताणलेले असते. संपूर्ण जंघेभोवती प्रावरणी नावाचे दाट तंतूंचे, जवळजवळ न ताणले जाणारे वेष्टन असते. या वेष्टनापासून निघालेले पडदे आत जाऊन हाडांना चिकटतात. हाडे, मधले पटल, पडदे व बाहेरचे वेष्टन मिळून पुढचा, बाहेरचा, मागचा उथळ आणि मागचा खोल असे चार कप्पे तयार होतात.

स्नायू

पुढचा कप्पा: यात चार स्नायू आहेत. टिबियालगतचा टिबियालिस अँटीरियर हा त्यांतील सर्वांत बळकट असून तो पाऊल वर उचलतो व तळपाय आतल्या बाजूस वळवतो. एक्स्टेन्सर हॅल्युसिस लाँगस अंगठा वर उचलतो, तर एक्स्टेन्सर डिजिटोरम लाँगस इतर चार बोटे उचलतो. पेरोनियस टर्शियस हा लहान स्नायू या कामात साहाय्य करतो. काही व्यक्तींमध्ये तो नसतो. टाचेवर उभे राहून चवडा उचलून धरल्यास नडगीच्या बाहेरच्या अंगाला हे स्नायू टणक झालेले हाताला लागतात.

बाहेरचा कप्पा: यात पेरोनियस लाँगस व पेरोनियस ब्रेव्हिस हे दोन स्नायू आहेत. दोघांच्या कंडरा बाहेरच्या घोट्यामागून पावलात उतरतात. ब्रेव्हिसची कंडरा करंगळीमागील लांब हाडाच्या बुडाशी जोडली जाते. लाँगसची कंडरा मात्र तळपायाखालून आडवी जाऊन थेट अंगठ्याच्या बाजूच्या हाडांपर्यंत पोहोचते आणि पावलाच्या कमानीला आधार देते. तळपाय बाहेरच्या बाजूस वळवणे हे या कप्प्याचे मुख्य काम. खडबडीत जमिनीवर पाऊल आत मुरगळू लागते, तेव्हा हेच स्नायू ते सावरतात.

मागचा उथळ कप्पा: पोटरीचा गोलाकार उभार या कप्प्यामुळे दिसतो. वरच्या थरातील गॅस्ट्रॉक्नेमियस हा दुहेरी स्नायू मांडीच्या हाडापासून निघतो. त्यामुळे तो गुडघा वाकवण्यासही मदत करतो. त्याच्याखालील रुंद, चपटा सोलियस जंघेतील हाडांपासूनच निघतो. दोघे मिळून टाचेच्या हाडाला जोडणारी अकिलीस कंडरा बनवतात. ती शरीरातील सर्वांत जाड व बळकट कंडरा आहे. गॅस्ट्रॉक्नेमियस उडी व धाव यांसारख्या झटपट हालचालींत उपयोगी पडतो, तर सोलियसमध्ये न थकता दीर्घकाळ काम करणारे तंतू अधिक असतात. माणूस नुसता उभा असतो तेव्हाही शरीराचा भार घोट्याच्या किंचित पुढे पडतो आणि त्याला पुढे कलंडू न देण्याचे काम सोलियस अखंड करत असतो. प्लांटॅरिस हा तिसरा स्नायू अतिशय लहान, पण त्याची कंडरा लांब व बारीक असते.

मागचा खोल कप्पा: यात चार स्नायू आहेत. पॉप्लिटियस हा गुडघ्यामागचा आखूड स्नायू ताठ झालेल्या गुडघ्याची ‘कडी’ सोडवून तो वाकू देतो. फ्लेक्सर डिजिटोरम लाँगस बोटे व फ्लेक्सर हॅल्युसिस लाँगस अंगठा खाली दुमडतो. सर्वांत खोलवर असलेला टिबियालिस पोस्टीरियर तळपाय आत वळवतो आणि पावलाची आतली कमान उचलून धरतो. उतारवयात त्याची कंडरा झिजल्यास कमान खचून पाऊल सपाट होते.

चालताना होणारे कार्य

टाच जमिनीला टेकते त्या क्षणी पुढच्या कप्प्यातील स्नायू पावलाला आवरून धरतात व चवडा हळूहळू खाली उतरू देतात. शरीर पावलावरून पुढे सरकत असताना पोटरीचे स्नायू त्याचा वेग आवरतात आणि शेवटी टाच उचलून शरीर पुढे ढकलतात. पाऊल हवेत असताना पुढचे स्नायू बोटे वर धरतात, म्हणून ती जमिनीला अडखळत नाहीत. या संपूर्ण काळात बाहेरचा कप्पा व टिबियालिस पोस्टीरियर दोन्ही बाजूंनी तोल सांभाळतात.

चेता

कमरेतून निघणारी जाड सायटिक चेता मांडीच्या मागून खाली येते आणि सामान्यतः गुडघ्याच्या वर तिचे दोन भाग होतात.

टिबियल चेता गुडघ्यामागील खळग्यातून सरळ पोटरीत उतरते. मागच्या दोन्ही कप्प्यांतील सर्व स्नायूंना आज्ञा देऊन ती आतल्या घोट्यामागून तळपायात शिरते. तळपायाच्या बहुतेक भागाची संवेदना तिच्या शाखांवर अवलंबून असते.

सामाईक पेरोनियल चेता गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने येते आणि फिब्युलाच्या मानेभोवती वळसा घेते. या ठिकाणी तिच्यावर त्वचेखेरीज फारसे आवरण नसते. बोटाने चाचपल्यास ती हाडावरून सरकणाऱ्या दोरीसारखी लागते. पुढे तिच्या दोन शाखा होतात. खोल शाखा पुढच्या कप्प्यातील स्नायूंना जाते आणि अंगठा व शेजारचे बोट यांच्यामधील बेचक्याच्या त्वचेला संवेदना पुरवते. उथळ शाखा बाहेरच्या कप्प्यातील स्नायूंना आणि पावलाच्या वरच्या बहुतेक त्वचेला जाते.

जंघेच्या आतल्या बाजूची त्वचा मात्र सॅफेनस चेतेकडे असते. ती मांडीच्या पुढच्या भागातील फिमोरल चेतेची शाखा आहे. मागच्या-बाहेरच्या बाजूची त्वचा सुरल चेतेकडे असते. सुरल चेता केवळ संवेदना वाहते, म्हणून अन्यत्र तुटलेली चेता सांधण्यासाठी शल्यचिकित्सक तिचा तुकडा वापरतात.

या रचनेमुळे साध्या चाचण्यांनी बरेच काही कळते. टाचांवर चालता येत असेल, तर खोल पेरोनियल चेता काम करत आहे. चवड्यांवर चालता येत असेल, तर टिबियल चेता काम करत आहे. पाऊल उचलता येत नाही, पण तळपाय आत वळवण्याची ताकद शाबूत आहे, अशा वेळी इजा फिब्युलाच्या मानेपाशी असण्याचा संभव असतो. दोन्ही हालचाली दुर्बल असतील, तर कमरेच्या मणक्यापाशी चेतेचे मूळ दाबले गेले असावे, असा संशय घेतात. कारण टिबियालिस पोस्टीरियरला आज्ञा देणारी चेता वेगळी असली, तरी तिचे तंतू त्याच मुळातून येतात.

रोहिण्या

मांडीतील मुख्य रोहिणी गुडघ्यामागे आल्यावर तिला पॉप्लिटियल रोहिणी म्हणतात. गुडघ्याखाली तिची विभागणी होऊन जंघेला तीन रोहिण्या मिळतात.

अँटीरियर टिबियल रोहिणी दोन हाडांमधील पटलाच्या वरच्या कडेवरून पुढे येते, पुढच्या कप्प्यातून खोल पेरोनियल चेतेच्या सोबतीने उतरते आणि पावलाच्या वरच्या बाजूस डॉर्सालिस पेडिस या नावाने पुढे जाते. पोस्टीरियर टिबियल रोहिणी टिबियल चेतेच्या सोबतीने मागच्या खोल कप्प्यातून आतल्या घोट्यामागे पोहोचते. तिसरी पेरोनियल रोहिणी पोस्टीरियर टिबियलपासून फुटून फिब्युलाच्या कडेने उतरते. बाहेरच्या कप्प्यात स्वतंत्र मोठी रोहिणी नसते. त्याला शेजारच्या कप्प्यांतील रोहिण्यांच्या शाखा पडदे भेदून रक्त पुरवतात.

पायातील नाडी दोन ठिकाणी पाहतात: पावलाच्या वर, अंगठ्याच्या कंडरेच्या बाहेरच्या बाजूस, आणि आतल्या घोट्याच्या मागे, किंचित खाली. काही निरोगी व्यक्तींमध्ये पावलावरची नाडी मुळातच लागत नाही, म्हणून दोन्ही जागा तपासणे आवश्यक असते.

नीला व पोटरीचा पंप

पायातील रक्त हृदयाकडे चढवण्याचे काम मोठ्या प्रमाणात पोटरीचे स्नायू करतात. सोलियसमध्ये रक्ताने भरलेल्या रुंद नीला असतात. स्नायू आकुंचन पावला की न ताणणाऱ्या वेष्टनामुळे त्या पिळल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. नीलांतील झडपा ते परत येऊ देत नाहीत. दीर्घ प्रवासात किंवा शस्त्रक्रियेनंतर पोटरी निश्चल राहिली, तर खोल नीलांत रक्ताची गुठळी होऊ शकते. एकाच पोटरीवर सूज व वेदना येणे, हे तिचे महत्त्वाचे लक्षण. ती सुटून फुप्फुसात अडकल्यास जिवाला धोका असतो; म्हणून अशी पोटरी ‘गोळा आला’ असे समजून चोळू नये, त्वरित तपासून घ्यावी.

कप्प्यातील दाबवाढ

टिबियाचा अस्थिभंग, पाय चिरडला जाणे, भाजणे किंवा घट्ट बसलेले प्लास्टर यांमुळे एखाद्या कप्प्यात रक्तस्राव वा सूज होते अथवा बाहेरून दाब येतो. वेष्टन ताणले जात नसल्यामुळे आतील दाब वाढतो. एरवी हा दाब पाऱ्याच्या १० मिलिमीटरपेक्षा कमी असतो. तो रक्तदाबाच्या खालच्या आकड्याच्या ३० मिलिमीटर इतका जवळ आला, की स्नायूंतील केशवाहिन्यांमधून पुरेसे रक्त वाहत नाही. साधारण सहा तासांनंतर स्नायू व चेता यांची हानी भरून न येणारी ठरू लागते. पुढच्या कप्प्यात ही अवस्था सर्वाधिक आढळते.

या अवस्थेत सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे पावलातील नाडी. मोठ्या रोहिणीतील दाब कप्प्यातील दाबापेक्षा बराच जास्त असतो. त्यामुळे स्नायू रक्तावाचून मरत असतानाही तिच्यातून रक्त वाहत राहते व नाडी लागते. नाडी लागते म्हणजे पाय सुरक्षित आहे, हा निष्कर्ष म्हणूनच चुकीचा ठरतो. बोटे गुलाबी असणे किंवा हलणे, हीदेखील खात्री नव्हे.

विश्वसनीय लक्षण म्हणजे वेदना. इजेच्या मानाने ती फार तीव्र असते, वेदनाशामकांना दाद देत नाही आणि पायाची बोटे दुसऱ्याने हळूच वाकवली वा ताणली तरी असह्य होते. पोटरी किंवा नडगीची बाजू टणक लागते. बेचक्यात वा तळपायावर मुंग्या येतात किंवा बधिरपणा जाणवतो. लहान मुले, बेशुद्ध रुग्ण आणि कमरेखाली भूल दिलेले रुग्ण वेदना सांगू शकत नाहीत, म्हणून त्यांच्याबाबत अधिक सावध राहावे लागते. जखम उघडी असली म्हणजे दाब वाढणार नाही, असेही नाही. कारण एक कप्पा फाटला तरी उरलेले तीन बंदच असतात.

अशा रुग्णाचे प्लास्टर व खालील पट्टी त्वचा दिसेपर्यंत पूर्णपणे कापून मोकळी करतात. पाय हृदयाच्या पातळीवर ठेवतात. फार उंच धरल्यास त्यात येणारे रक्त आणखी कमी होते. तरीही दाब उतरला नाही, तर प्रावरणी चिरून चारही कप्पे मोकळे करण्याची तातडीची शस्त्रक्रिया हाच उपाय असतो. बहुधा दोन लांब छेद घेतात आणि जखम काही दिवस उघडी ठेवून नंतर शिवतात किंवा त्वचारोपण करतात. हाड मोडल्यावर घट्ट फळ्या बांधून घेणे आणि वाढती वेदना ‘हाड जुळते आहे’ म्हणून सोसणे घातक ठरते, ते यामुळेच.

पाऊल लोंबणे

सामाईक पेरोनियल चेतेला इजा झाल्यास पाऊल वर उचलता येत नाही. चालताना बोटे जमिनीला घासू नयेत म्हणून रुग्ण गुडघा नेहमीपेक्षा उंच उचलतो आणि पाऊल आपटत टाकतो. फिब्युलाच्या मानेचा अस्थिभंग, तेथे रुतणारी प्लास्टरची कड, अंथरुणावर दीर्घकाळ एकाच स्थितीत पडून राहणे किंवा खुरपणीसारख्या कामात तासन्‌तास उकिडवे बसणे, ही त्याची काही कारणे आहेत.

भारतात कुष्ठरोग हे याचे एक महत्त्वाचे कारण राहिले आहे. कुष्ठरोगाचे जंतू शरीराच्या तुलनेने थंड भागांतील, त्वचेजवळच्या चेतांना प्राधान्याने ग्रासतात. जंघेत अशा दोन जागा आहेत: फिब्युलाच्या मानेपाशी सामाईक पेरोनियल चेता आणि आतल्या घोट्यामागे टिबियल चेता. पहिलीच्या हानीने पाऊल लोंबते. दुसरीच्या हानीने तळपाय बधिर होतो. बधिर तळपायाला खडा वा खिळा टोचलेला कळत नाही आणि जखमा चिघळत जातात. बोटे ‘झडतात’ ती जंतूंनी खाल्ल्यामुळे नव्हे, तर अशा न कळलेल्या जखमा व त्यांतील संसर्ग यांमुळे. अमरावतीचे तपोवन व वरोऱ्याजवळचे आनंदवन या संस्था ज्या रुग्णांसाठी उभ्या राहिल्या, त्यांच्या अपंगत्वामागे चेतांची ही हानी होती. बहुविध औषधोपचार वेळीच सुरू केल्यास ती मोठ्या प्रमाणात टाळता येते.

लोंबणाऱ्या पावलावर शस्त्रक्रियेचा उपायही कप्प्यांच्या रचनेतूनच निघाला. पेरोनियल चेता गेली तरी टिबियालिस पोस्टीरियर टिबियल चेतेवर चालत असल्याने शाबूत राहतो. त्याची कंडरा मूळ जागेवरून सोडवून पावलाच्या वरच्या बाजूस जोडतात. पूर्वी तळपाय आत वळवणारा स्नायू सरावाने पाऊल वर उचलू लागतो.

रक्तपुरवठ्याचे विकार

रोहिण्या आतून अरुंद झाल्यास ठरावीक अंतर चालल्यावर पोटरीत कळ येते आणि थांबल्यावर काही मिनिटांत ओसरते. तंबाखूचे धूम्रपान व मधुमेह ही याची प्रमुख कारणे आहेत. मधुमेहात गुडघ्याखालील रोहिण्या विशेषतः बाधित होतात आणि चेताही बधिर होतात. त्यामुळे वेदना न होताच जखम वाढू शकते; म्हणून मधुमेही व्यक्तींनी रोज तळपाय पाहणे आणि नियमितपणे नाडी व संवेदना तपासून घेणे हितावह असते.

पुनर्रचना शस्त्रक्रियेतील उपयोग

फिब्युला फारसा भार वाहत नसल्याने तिचा मधला भाग काढला तरी चालता येते. घोट्याच्या स्थैर्यासाठी खालचा काही भाग मात्र राखावा लागतो. पेरोनियल रोहिणीसह काढलेले हे हाड अन्यत्र बसवून सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या वाहिन्या जोडल्या, तर ते जिवंत राहते. १९८९ साली अमेरिकन शल्यचिकित्सक डेव्हिड हिडाल्गो यांनी या पद्धतीने खालच्या जबड्याची पुनर्रचना केल्याचे प्रसिद्ध केले. तोंडाच्या कर्करोगात जबडा काढावा लागलेल्या रुग्णांसाठी ही पद्धत आज जगभर रूढ आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातही ती वापरतात.

इतिहास व व्युत्पत्ती

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात १०७ मर्मे वर्णिली आहेत. त्यांपैकी इंद्रबस्ती हे मर्म जंघेच्या मध्यभागी सांगितले असून तेथील इजेने रक्तक्षय होऊन मृत्यू येतो, असे म्हटले आहे. मोठ्या रोहिण्या पोटरीत खोलवर असतात, हे लक्षात घेता या वर्णनाचा रोख स्पष्ट होतो. १८८१ साली जर्मन शल्यचिकित्सक रिखार्ड फोन फोल्कमान यांनी घट्ट पट्ट्यांनंतर स्नायू आखडून निकामी होण्याचे कारण रक्तपुरवठा थांबणे हे असल्याचे मांडले. कप्प्यातील दाबवाढीचा आधुनिक विचार तेथून सुरू होतो.

लॅटिनमध्ये टिबिया म्हणजे बासरीसारखे वाद्य आणि फिब्युला म्हणजे वस्त्र अडकवण्याची पिन. त्याच पिनेला ग्रीकमध्ये ‘पेरोने’ म्हणत. म्हणून पेरोनियल आणि फिब्युलर या विशेषणांचा अर्थ एकच. १९९८ सालच्या आंतरराष्ट्रीय परिभाषेने ‘फिब्युलर’ला प्राधान्य दिले असले, तरी भारतीय रुग्णालयांत ‘पेरोनियल’ हा शब्द अद्याप प्रचलित आहे. गॅस्ट्रॉक्नेमियस या ग्रीक मूळच्या नावाचा अर्थ ‘पायाचे पोट’ असा होतो. मराठीतील ‘पोटरी’ या शब्दातही तीच कल्पना दिसते.